पन्नास एमएम १.८ : आठ महिने, एक खिडकी आणि पेटीवाले काका

लेन्स घेऊन आठ महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पन्नास एमएम (किती जवळचं दिसतं तो आकडा), १.८ (तोंड किती उघडतं तो आकडा, जितका लहान तितकं जास्त उघडं) ही लेन्स जवळजवळ प्रत्येक कंपनी काढते, आणि गुणदोषही थोड्याफार फरकाने तेच असतात. माझी जुन्या पद्धतीच्या फोकस-मोटरची आहे, ओळखीतून वापरलेली घेतलेली. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (आतला उजेड टिपणारा भाग लहान असलेला) डीएसएलआर, तोही म्हातारा.

घ्यायचं कारण एकच होतं. पुण्यात नारायण पेठेत मोदी गणपतीच्या देवळाच्या बाजूला एका जुन्या वाड्यात वडिलांचे स्नेही राहतात, पेटी वाजवतात. पन्नास वर्षं साथ केली, आणि घरात त्यांचा वाजवतानाचा धड एक फोटो नाही. मैफलीचे फोटो आहेत, पण त्यात गायक मधोमध आणि काका कडेला, कोपरापासून कापलेले. एकात तर नुसता भाता आणि डावा हात. मला त्यांचा घरातला फोटो हवा होता, रियाजाचा, फ्लॅश न मारता.

कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स त्या खोलीत चालेना. लांब टोकाला तिचं तोंड ५.६च्या पुढे उघडत नाही. १.८ म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. हिशेब करून मी खूश झाले आणि पैसे मोजले.

पहिल्या दिवशी सव्वाशे फोटो काढले, सगळे १.८वर. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सुंदर दिसत होते. घरी येऊन मोठे करून पाहिले तर निम्म्याहून जास्त वाया. कुठे चष्म्याची काडी स्पष्ट आणि डोळा धूसर, कुठे कान रेखीव आणि बाकी सगळं धुकं. दीड मीटरवरून १.८ला जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. वाजवताना काका पुढेमागे डोलतात ते तेवढंच, कधी जास्तच. म्हणजे फोकस बसेपर्यंत माणूस पट्ट्याबाहेर. शिवाय पेटीच्या पितळी कड्यांना पूर्ण उघड्या तोंडावर जांभळी किनार येते, ती वेगळी.

पण खरी पंचाईत आवाजाची झाली. या लेन्सची मोटर फोकस शोधताना घुरघुरते. लग्नाच्या हॉलमध्ये कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथे समोर असा माणूस, ज्याचा कान पन्नास वर्षं सुरावर टेकलेला. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांनी त्यांनी भाता मिटला आणि म्हणाले, "अगं, तुझा तो डबा गुणगुणतो, आणि मला त्याचा सूर शोधावासा वाटतो." रागावले नव्हते. पण त्यानंतर मी कॅमेरा उचलला की खांदे ताठ व्हायचे आणि चेहऱ्यावर पासपोर्टचा फोटो यायचा.

मग मोटर बंद केली. हाताने फोकस करायचं तर या लेन्सची कडी अगदी पुढे, बोटभर रुंद आणि ढिली. अंतराचे आकडेही छापलेले नाहीत. मी असं करते : काका बसायच्या आधी पेटीच्या पुढच्या काठावर मागच्या पडद्यात दहापट मोठं करून फोकस लावते, तिथून वीतभर मागे सरकवते आणि कडीला चिकटपट्टी लावते. तोंड २.८ किंवा ४. चारला स्पष्ट पट्टा चौदा सेंटिमीटरपर्यंत जातो, त्यात काकांचं डोलणं मावतं. १.८साठी घेतलेली लेन्स मी आता १.८ला क्वचितच वापरते. पण २.८ला ती जितकी नितळ आहे तितकी माझी झूम कुठेच नाही, त्यामुळे पैसे वाया गेले असं म्हणवत नाही.

शटरचा खटका उरतोच. त्यावर उपाय काकांच्या शिष्यांमुळे सापडला. संध्याकाळी दोघी-तिघी गायला येतात, मोबाइलवर तबला लावलेला असतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बटण दाबलं की खटका ठेक्यात बुडतो. काकांना अर्थातच कळलं. "समेवर येतेस, बरं आहे," एवढंच म्हणाले.

याच शिकवणीत आणखी एक गोष्ट कळली, जी मला कुठल्याही लेन्सच्या परीक्षणात वाचायला मिळाली नव्हती. पेटीवाला साथ करताना पट्ट्यांकडे बघत नाही, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मी इतके दिवस पेटीसमोर बसत होते आणि मला पडलेल्या पापण्या किंवा गालाची कड मिळत होती. मग गाणाऱ्या मुलीच्या खांद्यामागे जाऊन बसले. तिने एखादी हरकत (सुरांची छोटी वळणदार जागा) घेतली की काका क्षणभर मागे असतात, ऐकतात, आणि बोटांनी ती पकडली की भुवया सुटतात. फोटो तिथे आहे. त्या क्षणाच्या आधी दाबलं तर चेहऱ्यावर काळजी येते, फार उशिरा दाबलं तर नुसतं समाधान.

आता उजेडाचं. खोलीला एकच खिडकी, दक्षिणेला. जूनमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो (सावली नाहीशी व्हायचे दिवस मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस येतात), त्यामुळे पावसाळाभर या खिडकीतून ऊन येतच नाही. येतो तो ढगांतून गाळलेला मऊ उजेड. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६००, तोंड २.८, शटर १/१२५ सेकंद. माझे सर्वांत चांगले फोटो जुलै-ऑगस्टचे आहेत. द्रुत लयीत बोटं हलतात, तेव्हा १/२५० लागतं, आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे दिसतात. दिसू देत. डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. ऊन खोलीत शिरतं, सतरंजीवर गजांच्या सावल्या पडतात आणि काकांचा अर्धा चेहरा भाजून निघतो. तेव्हा खिडकीला जुनं पांढरं धोतर बांधते. लेन्सला हूड (कडेचा उजेड अडवणारं झाकण) नव्हतं. खिडकी फ्रेममध्ये आली की सगळ्या फोटोवर दुधाची साय धरल्यासारखी व्हायची. रबरी हूड लावल्यावर फरक पडला, पूर्ण गेलं नाही.

ट्यूबलाइट बंदच ठेवायची. एका गालावर आभाळाचा निळा आणि दुसऱ्यावर ट्यूबचा हिरवट, हे नंतर निस्तरत नाही. वाड्याच्या भिंतींना खालून चार फूट पिस्ता रंगाचा ऑइलपेंट आहे, त्याची झाक हनुवटीखाली यायची. काकांनी स्वतःच्या सवयीने पांढरा सदरा घातला की ती जाते, कारण सदराच खालून उजेड परतवतो. मात्र पांढऱ्याला कॅमेरा घाबरतो आणि सगळं काळवंडून टाकतो. मी मोजमाप चेहऱ्यावर घेते.

बांधणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्लास्टिक, हलकी. पावसाळ्यात बुरशीच्या भीतीने हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. एकदा सतरंजीवर पडली, काही झालं नाही. ऑक्टोबरमध्ये मोटर अडकायला लागली. दुरुस्तीवाल्याने जी रक्कम सांगितली त्यात थोडी भर घालून दुसरी लेन्स आली असती. मोटर मी वापरतच नसल्याने तशीच ठेवली.

मधे चहा पिताना काकांनी सांगितलं की त्यांच्या गुरूंच्या उमेदीच्या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. १९४०मध्ये घातलेली ती बंदी १९७१पर्यंत काही उठली नाही. "वाद्यच नको म्हणायचे, तिथे वाजवणाऱ्याचा फोटो कोण काढणार?" हे ते हसत म्हणाले. तेव्हाचा फोटो मी काढला नाही, कप हातात होता.

जानेवारीत दहा फोटो छापून दिले. मला वाटलं चेहरा बघतील. त्यांनी चष्मा वर केला, एक फोटो खिडकीशी नेला आणि म्हणाले, "भाता बघ, पूर्ण मिटलाय. इथे मी सूर सोडून दिलाय, ती एकटी गातेय." नंतर काकूंना हाक मारून तोच दाखवला.

घ्यावी का? खोली मोठी असेल किंवा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल तर जरूर घ्या. क्रॉप सेन्सरवर ही पन्नास पंचाहत्तर-ऐंशीसारखी दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत मी कपाटाला पाठ लावून बसते, तरी काका आणि गाणारी मुलगी एका फ्रेममध्ये मावत नाहीत. संगीतवाल्यांचे फोटो काढणार असाल तर दुकानात काच बघायच्या आधी मोटर चालवून ऐका, शक्यतो पंखा बंद करून. मी सध्या पस्तीस एमएम शोधते आहे, वापरलेली चालेल, न गुणगुणणारी.