यवक्षाराची पुडी की पोटॅशियम कार्बोनेटची बाटली?

विज्ञान मंडळातल्या मुलांना सतराव्या-अठराव्या शतकातले युरोपी प्रयोग करून दाखवायचे, म्हणून मला पोटॅशियम कार्बोनेट हवं होतं. काष्ठौषधीच्या दुकानातून यवक्षाराची (जवाच्या राखेतून काढलेला औषधी क्षार, त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं) पुडी घेतली आणि रसायनांच्या दुकानातून 500 ग्रॅमची बाटली. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे लेबलवर विश्वास ठेवायची सवय नाही. निकाल आधीच सांगते: बाटली बिनधास्त घ्या, पुडी तपासून घ्या.

तपासणी फुकटात होते, फक्त पावसाळा हवा. दोन्हींतली चमचाभर पूड दोन काचेच्या बशांत उघडी ठेवली. बाटलीतली रात्रीतून पाघळून बशीत नुसता द्रव उरला. पुडीतली सकाळी ठणठणीत कोरडी! जुन्या किमयागारांचा हाच तर माल. द्राक्षाच्या दारूच्या पिंपांना आतून जी पुटं (टार्टार) धरतात ती खरवडून भाजायची, राहिलेलं पांढरं मीठ ओलसर तळघरात ठेवायचं, आणि ते हवेतलं पाणी ओढून पातळ झालं की बाटलीत भरायचं. त्याला ते टार्टारचं तेल म्हणत. तेलाचा अंशही नाही त्यात, पण बोटांना तसंच बुळबुळीत लागतं. (कातडीवरच्या स्निग्धाचा साबण होतो म्हणून. बोट घालून बघू नका.)

पुडीवर माझा संशय सोड्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा. पोटॅश (आपलं पोटॅशियम कार्बोनेट) आणि सोडा हे वेगळे क्षार आहेत हे युरोपातही उशिरा ठरलं. 1736 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द्युआमेलनं ते वेगळे दाखवले आणि पुढे 1750 नंतर बर्लिनच्या मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञानं ज्योतीच्या रंगावरून ओळखायची सोय केली. तेच केलं. बाटलीतल्या क्षारानं बर्नरची ज्योत फिकट जांभळी झाली. पुडीतल्या क्षारानं भडक पिवळी, आणि निळ्या काचेतून (ती सोड्याचा पिवळा रंग अडवते, पोटॅशचा जांभळा दिसू देते) पाहिलं तर काहीच नाही. शेवटी दोन्हींचं दाट, गार द्रावण करून त्यात टार्टारिक आम्ल भरपूर घातलं. दोन्हीकडे फसफसलं, पण बाटलीच्या द्रावणात पांढरे बारीक खडे तळाला बसले. पिंपांच्या पुटांत असतो तोच पदार्थ, म्हणजे गाडी निघाली तिथे परत आली. पुडीच्या द्रावणात खडा नाही.

खरा यवक्षार जवाच्या रोपांची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून काढतात. त्यात कार्बोनेटबरोबर पोटॅशियमचे इतर क्षारही येणार, तेव्हा तो बाटलीइतका शुद्ध असावा अशी माझी अपेक्षाच नव्हती. पण त्याला पाणी तरी सुटायला हवं! औषध म्हणून कुणी हे पोटात घेणार असेल तर ही गंमत नव्हे. दुकानदार म्हणाले, ‘ताई, वरून असंच येतं.’

बाटलीबद्दल तक्रार नाही. 100 मिली पाण्यात 100 ग्रॅमच्या वर सहज विरघळतं, विरघळताना भांडं चांगलं तापतं. रॉबर्ट बॉइलनं 1664 च्या रंगांवरच्या पुस्तकात व्हायोलेट फुलांचं सरबत क्षारानं हिरवं होतं असं लिहिलंय. आमच्याकडे कुंपणावर गोकर्ण आहे, त्याच्या निळ्या पाण्यात बाटलीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले, काम झालं. बॉइल टार्टारचं तेल रसकापराच्या पाण्यात घालून नारिंगी साकाही काढून दाखवायचा. तो पाऱ्याचा विषारी प्रकार आहे, ते पुस्तकातच राहू दे. व्हिनेगरचा प्रयोग मात्र जरूर करा: त्यात वजन केलेली पूड चिमटीचिमटीनं टाकायची, फसफस थांबेपर्यंत किती लागली ते लिहायचं. 1729 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोफ्रुआनं व्हिनेगरचा कस असाच मोजला होता, आणि बारावीतलं टायट्रेशन त्याचंच नातवंड.

मुलांना सगळ्यात आवडलं ते स्पिरिटचं. हाताला मारायचं पातळ सॅनिटायझर (जेल नको) टेस्टट्यूबमध्ये अर्धं घ्या, कोरडी पूड घालत हलवत राहा. क्षार पाणी आपल्याकडे ओढतो, स्पिरिट सुटून वर येतं आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसते. दारूतलं पाणी काढायला किमयागार हेच मीठ वापरत. बर्नर तेवढा आधी बंद करा. एका मुलानं ‘परत मिसळून दाखवा’ म्हटलं. पाणी ओतलं की मिसळतं, तेही दाखवलं.

एक उणीव पॅकिंगची. झाकणाखाली आतलं बूच नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात वरचा थर दगड झाला. घरी आणल्याबरोबर जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट आट्यांच्या बरणीत काढा. काचेच्या बुचाची बाटली वापरू नका, क्षारानं बूच तिथेच चिकटतं आणि मग फोडावीच लागते. हातमोजे, चष्मा घालूनच काम करा.