ओळख की लिंग? ब्रिटनमधल्या छोट्या संस्थेपुढचे दोन मसुदे

इंग्लंडमधल्या एका छोट्या सल्ला केंद्राची विश्वस्त असलेल्या मैत्रिणीचा फोन आला. पगारी माणसं अठरा, स्वयंसेवक जवळपास तितकेच आणि दर गुरुवारी भरणारा एक महिला गट, एवढाच पसारा. पुढच्या बैठकीत ट्रान्स व्यक्तींबद्दलचं, म्हणजे जन्माच्या लिंगापेक्षा वेगळी ओळख सांगणाऱ्यांबद्दलचं, धोरण मंजूर करायचं होतं आणि समोर दोन मसुदे होते. पहिला म्हणत होता, माणूस स्वतःची जी ओळख सांगेल ती संस्था मानेल. नाव, सर्वनाम, स्वच्छतागृह, महिला गट, सगळं त्याप्रमाणे. दुसरा म्हणत होता, जिथे स्त्री-पुरुष वेगळे केले आहेत तिथे जन्माचं लिंग धरायचं. "कुठला घेऊ ते सांग," ती म्हणाली. "दोन्हीकडचं गोड गोड नको."

दोन्ही मसुद्यांच्या मागे खरी माणसं आहेत, हे आधी धरून चालू. पहिल्याच्या मागे ती ट्रान्स व्यक्ती आहे, जिला रोज कामावर येऊन आपल्या शरीराचा खुलासा द्यायचा नाही. दुसऱ्याच्या मागे ती बाई आहे, जिला कपडे बदलताना पुरुषी शरीर समोर नको आहे आणि त्यासाठी कारणंही द्यायची नाहीत.

कायद्याचा तराजू मात्र हलला आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 'फॉर विमेन स्कॉटलंड' या स्त्री-हक्क गटाच्या प्रकरणात एकमताने सांगितलं की २०१० च्या समानता कायद्यात 'लिंग' म्हणजे जैविक लिंग. २००४ च्या कायद्याखाली मिळणारं लिंगबदलाचं प्रमाणपत्र हातात असलं तरीही. त्याच निकालात हेही आहे की ट्रान्स व्यक्तींना लिंगबदलाच्या निकषावर मिळणारं संरक्षण जसंच्या तसं राहतं. दुसऱ्या मसुद्याचे समर्थक पहिलं वाक्य वाचून थांबतात, पहिल्याचे दुसरं वाचून. (हा कायदा इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचा. उत्तर आयर्लंडचं गणित वेगळं.)

खोल्या आणि दारं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पहिला मसुदा इथे सर्वांत कमकुवत आहे. कामाच्या जागांबद्दलचे १९९२ चे नियम सांगतात की स्त्री आणि पुरुषांसाठी स्वच्छतागृहं वेगळी हवीत. अपवाद एकच, प्रत्येक शौचालय स्वतंत्र खोलीत असेल आणि दाराला आतून कडी असेल तर. कपडे बदलायच्या जागेबद्दलही वेगळी सोय अपेक्षित आहे.

दुसरा मसुदा घेतला की सगळं सुटलं, असंही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका परिचारिकेच्या दाव्याचा निकाल लागला. कर्कॉल्डीच्या रुग्णालयात स्त्रियांच्या खोलीत ट्रान्स डॉक्टरसोबत कपडे बदलायला तिने हरकत घेतली होती. तिथल्या सरकारी आरोग्य मंडळाने, एनएचएस फाइफने, तिचा छळ केला असं ठरलं, पण तिचे बाकीचे दावे फेटाळले गेले. अशी परवानगी देणं मुळातच बेकायदा आहे, असं त्या ट्रायब्युनलने, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयाने, मानलं नाही. पुढच्याच महिन्यात इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनच्या परिचारिका मात्र जिंकल्या, ट्रान्स सहकाऱ्याला स्त्रियांच्या खोलीत कपडे बदलू देणाऱ्या त्यांच्या रुग्णालयाच्या धोरणाविरुद्ध. खालच्या ट्रायब्युनलांचे निकाल एकमेकांना बांधत नाहीत, त्यामुळे हा गोंधळ काही काळ राहणारच. आणि दुसऱ्या मसुद्यात ट्रान्स कर्मचाऱ्याने जायचं कुठे, याचं उत्तरच नव्हतं. 'कुठेही नाही' हे उत्तर कोर्टात टिकणार नाही.

मैत्रिणीच्या केंद्रात शौचालयं तीन. दोन 'लेडीज', एक 'जेंट्स', आणि लेडीजमधल्या दोघांत छताला न टेकणारी फळी. मी तिला म्हटलं, वकिलाआधी सुताराला बोलव. तिन्ही खोल्या पूर्ण भिंतीच्या, आत बेसिन, आतून कडी, आणि दारावर बाई-बुवांचं चित्र नाही. मग या कलमापुरता दोन्ही मसुद्यांत फरकच उरत नाही. मोठ्या रुग्णालयाला हे जमणार नाही, अठरा माणसांच्या केंद्राला जमतं.

बोलणं

इथे दोन्हीकडून पाय घसरतो. माया फोर्स्टेटर या संशोधक. लिंग बदलता येत नाही असं त्या जाहीरपणे लिहीत. २०१९ मध्ये त्यांच्या कामाचा करार पुढे वाढवला गेला नाही. पहिल्या न्यायाधीशाने त्यांच्या मताला संरक्षणच नाकारलं. जून २०२१ मध्ये अपिलात ते फिरलं, २०२२ मध्ये त्या दावा जिंकल्या आणि पुढच्या वर्षी त्यांना एक लाख पौंडांवर भरपाई मिळाली. पण अपिलाच्या निकालातच बजावलं आहे की याचा अर्थ ट्रान्स सहकाऱ्याला मुद्दाम चुकीच्या लिंगाने हाक मारायचा परवाना नव्हे. सरकारी भत्त्यासाठी तपासणीला येणाऱ्या ट्रान्स व्यक्तींना त्यांची सर्वनामं वापरायला नकार देणारा एक डॉक्टर सरकारी खात्याविरुद्ध हरला, तेही त्याच अपील ट्रायब्युनलमध्ये, २०२२ मध्ये.

म्हणून पहिल्या मसुद्यातलं 'सर्वांनी मान्य करावं' हे खोडा. दुसऱ्यातलं 'कोणावरही कसलीही सक्ती नाही' हेही खोडा. मनात काय मानायचं ते ज्याचं त्याचं, सहकाऱ्याशी बोलताना अपमान नाही. दोन ओळी पुरतात.

जाता जाता एक. ईमेलखाली सर्वनामं लिहायची की नाही यावर इंग्रजीत केवढा खल! मराठीत माणूस "मी आले" किंवा "मी आलो" म्हणतो तिथेच त्याने सांगून टाकलेलं असतं. आदरार्थी बहुवचनातही सुटका नाही, 'ते आले' आणि 'त्या आल्या' वेगळेच. आणि 'ते आलं' म्हणाल तर समोरच्याचं पोर करून टाकाल. केंद्रातले तिघे-चौघे आपसांत मराठीच बोलतात. त्यांना इंग्रजी धोरण वाचून काय करायचं ते कळणार नाही.

तयार मसुदे

पहिला मसुदा एका चळवळीतल्या संस्थेच्या नमुन्यावरून उचललेला, दुसरा तिच्या विरोधकांच्या. ब्रिटनमध्ये ही फाळणी स्पष्ट आहे. समलिंगी हक्कांसाठी १९८९ मध्ये उभ्या राहिलेल्या स्टोनवॉल या संस्थेने २०१५ पासून ट्रान्स हक्क आपल्या कामात घेतले. त्याला विरोध म्हणून २०१९ मध्ये एलजीबी अलायन्स निघाली. नोकरी देणाऱ्या संस्थांसाठीच्या स्टोनवॉलच्या योजनेतून बीबीसी २०२१ मध्ये बाहेर पडली. नमुना वापरण्याआधी स्टोनवॉलच्या भूमिकेला जाहीर विरोध करणाऱ्या बॅरिस्टर (वकील) ॲलिसन बेली यांचा भेदभावाचा दावा पाहा. २०२२ मध्ये त्यांच्या चेंबर्सला (वकिलांच्या सामायिक कार्यालयाला) २२,००० पौंड द्यावे लागले, स्टोनवॉलविरुद्धचा दावा मात्र फेटाळला गेला, २०२४ च्या अपिलातही. सल्ला कोणाचाही असो, बिल तुमच्या नावावर येतं.

तक्रार आली की

हे कलम दोन्ही मसुद्यांत नव्हतंच. बहुतेक मालक मात्र इथेच बुडाले. जग्वार लँड रोव्हर घ्या, मालकी आपल्या टाटा मोटर्सची. तिथे जवळजवळ वीस वर्षं काम केलेल्या, लिंगओळख प्रवाही, म्हणजे बदलती, असलेल्या अभियंत्याला टोमणे सोसावे लागले, स्वच्छतागृहाची नीट सोय नव्हती, वरून आधार नाही. २०२० मध्ये बर्मिंगहॅमच्या ट्रायब्युनलने कंपनीला दोषी धरलं, भरपाई १,८०,००० पौंड. फाइफची परिचारिका बरोबर उलट्या बाजूची, पण तिथेही ठपक्याचा एक भाग चौकशीला लावलेल्या अवाजवी वेळाचा होता. फोर्स्टेटर यांच्यासारखंच मत असलेले ग्रीन पार्टीचे शहरार अली २०२४ मध्ये जिंकले तेही पक्षाने प्रवक्तेपदावरून काढण्याची पद्धत अन्यायकारक होती म्हणून. या तिन्हींत बाजू एकच नाही, दोन्हीकडची माणसं आहेत.

तेव्हा तक्रार कोण घेणार, किती दिवसांत, तोवर कोण कुठे बसणार, हे लिहा. मी तर हे पान आधी मंजूर करेन.

महिला गट

इथे मधला मार्ग नाही. पंचवीस किंवा जास्त सभासद असलेल्या संघटनेला 'फक्त स्त्रिया' म्हणायचं तर आता जैविक अर्थानेच म्हणावं लागतं. डिसेंबर २०२५ मध्ये मुलींची संघटना गर्लगायडिंग आणि स्त्रियांची विमेन्स इन्स्टिट्यूट, दोघींनी सभासदत्व तसं बदलण्याचं जाहीर केलं, नाराजी लपवली नाही; इन्स्टिट्यूटने जोडीला सर्वांना खुले वेगळे गट जाहीर केले.

दारांसाठी सुताराचा आकडा आला आहे. गुरुवारच्या गटात सध्या एकतीस जणी आहेत, त्यातल्या एक ट्रान्स. 'महिला गट' नाव ठेवून त्यांना जायला सांगायचं, की गट सर्वांना खुला करून नाव बदलायचं, हे त्या एकतीस जणींना विचारल्याशिवाय बैठकीत मांडू नकोस, एवढंच मी मैत्रिणीला सांगितलं.