सज्ञान दिव्यांगाचं कायदेशीर पालकत्व: सांगलीत समितीचा दाखला कितपत कामाचा?

सेवा: राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानीय स्तर समितीकडून मिळणारं पालकत्व प्रमाणपत्र. सांगलीकरांना त्यासाठी विजयनगरचं जिल्हाधिकारी कार्यालय गाठावं लागतं, सातारकरांना साताऱ्याचं. जिल्हा बदलला तरी कायदा, नियम आणि फॉर्म तेच. हे परीक्षण खुर्चीवरच्या माणसांचं नाही, व्यवस्थेचं आहे.

आधी गुण सांगून टाकू. खर्चाला पाचपैकी पाच. बँकेत चालण्याला चार. दाखला दिल्यानंतरच्या देखरेखीला दोन. आणि ‘या माणसाला पालक खरंच हवा आहे का, हवा तर नेमका कशासाठी?’ हा प्रश्न विचारण्याला दीड, तोही कायद्यात तो प्रश्न लिहून ठेवलाय म्हणून.

दाखला लागतोच कशाला, इथपासून सुरुवात करावी लागते, कारण ‘आम्ही आईबाप आहोत की, आणखी कागद कशाला?’ हा समज गावोगाव पक्का आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की नैसर्गिक पालकत्व संपतं, मग ते मतिमंद असो, स्वमग्न असो की सेरेब्रल पाल्सीचं. तोवर आईच्या सहीनं चालणारं बचत खातं अडतं. सातबाऱ्यावर नावापुढे असलेली ‘अ.पा.क.’ ही नोंद, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, सज्ञान माणसाला लागू राहत नाही. वडील गेल्यावर वारस नोंद होते, त्यात दिव्यांग मुलाचंही नाव लागतं आणि ऊसबिलाचा त्याचा हिस्सा त्याच्या खात्यावर येतो. तो काढायचा कुणी, ही अडचण तिथे उभी राहते. कुटुंब निवृत्तिवेतनाचंही तसंच.

समितीचा मोठा गुण म्हणजे ती न्यायालय नाही. कोर्ट फी नाही, वकील सक्तीचा नाही. समितीत तिघं असतात: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, राष्ट्रीय न्यासाकडे, म्हणजे याच कायद्यानं स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेकडे, नोंदणी असलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कायद्यानुसार तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. ‘किमान एकदा’ हे शब्द अर्जदारानं नीट लक्षात ठेवावेत. एका कागदाची त्रुटी निघाली आणि तेवढ्यात बैठक होऊन गेली, की अर्ज पुढच्या तिमाहीवर जातो. जत किंवा आटपाडीहून येणाऱ्या माणसाला हा फटका जास्त बसतो. म्हणून अर्ज देण्याआधी एकच चौकशी करावी: पुढची बैठक कधी, आणि तिच्या किती दिवस आधीपर्यंत अर्ज घेता?

हा दाखला चारच प्रकारांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश, पक्षाघातानंतरची बेशुद्धी यांसाठी ही खिडकी नाही. सर्वाधिक हेलपाटे इथेच वाया जातात. त्या घरांसाठी पुढे वेगळं लिहिलंय.

कागदांची चळत फार मोठी नाही. फॉर्म ए मधला अर्ज, दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), दोघांच्या वयाचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, नात्याचा पुरावा, होणाऱ्या पालकाची लेखी संमती आणि फोटो. अर्ज न्यासाच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. मूळ कागद तपासणीसाठी सोबत ठेवावेत. नावातला फरक मात्र जीव खातो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, प्रमाणपत्रावर वडिलांचं नावच नाही, असं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं. दिव्यांगत्व प्रमाणपत्र सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयातून किंवा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयातून काढताना दिव्यांगत्वाचा प्रकार नेमका लिहिलाय ना, हे जागेवरच वाचून घ्यावं. ‘मानसिक आजार’ आणि ‘बौद्धिक अक्षमता’ यांत गल्लत झाली तर समितीच्या दारातूनच परत फिरावं लागतं.

अर्ज कुणी करायचा याला क्रम आहे. आधी आईवडील मिळून. एक हयात नसेल, घटस्फोट झाला असेल किंवा सोडून गेला असेल तर दुसऱ्यानं एकट्यानं. दोघंही नसतील तर भावंडांनी. सगळी भावंडं मिळून अर्ज करत नसतील, तर एकट्यानं का केला याचं कारण वेगळं लिहावं लागतं. हा नियम चांगला आहे. वाटणीच्या आधी एकाच भावानं गुपचूप पालक होऊन बसण्याला तो थोडा तरी आळा घालतो. भावंडंही नसतील तर इतर नातेवाईक आणि त्यानंतर नोंदणीकृत संस्था.

पालक कोण होऊ शकतो? भारतीय नागरिक, गुन्ह्यात शिक्षा न झालेला, दिवाळखोर नसलेला, स्वतःच्या पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून नसलेला. शक्यतो जवळपास राहणारा. दिव्यांग व्यक्ती स्त्री असेल तर एकट्या पुरुषाला पालकत्व देत नाहीत. विवाहित पुरुषाला पत्नीसह सहपालक करतात आणि त्यात पत्नी मुख्य असते. विधुर वडील मुलीसाठी एकटेच अर्ज घेऊन गेले की या नियमावर अडखळतात. विवाहित मुलगी, किंवा मुलगा-सून यांना सोबत घेऊनच अर्ज करणं शहाणपणाचं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. कायद्यात आईबापांना ‘आपल्या पसंतीच्या कोणत्याही व्यक्तीला’ पालक सुचवता येतं. बाहत्तर वर्षांच्या वडिलांनी स्वतःच्याच नावानं दाखला काढला, तर त्यांच्या पश्चात भावंडांना पहिल्यापासून सगळं करावं लागतं. मृत्युपत्रात ‘माझ्यानंतर धाकटा बघेल’ असं लिहिलं, तरी तेवढ्यानं धाकटा कायदेशीर पालक होत नाही. म्हणून उतारवयातल्या आईबापांनी हयातीतच पुढच्या पिढीतलं विश्वासाचं नाव सुचवावं, आणि ते कसं वागतंय हे डोळ्यांदेखत पाहावं.

आता दीड गुणाकडे. राष्ट्रीय न्यास कायद्याचं कलम 14 सांगतं की समितीनं दोन गोष्टी तपासाव्यात: पालकाची गरज आहे का, आणि पालकत्व कोणत्या कामांसाठी हवं आहे. प्रत्यक्षात घरचे ‘सगळ्यासाठीच’ म्हणतात आणि टक्केवारी पाहून गरज गृहीत धरली जाते. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर सौम्यला 50 टक्के, मध्यमला 75, तीव्रला 90 आणि अतितीव्रला 100 टक्के असं मोजमाप असतं. हे मोजमाप बुद्ध्यांक आणि सामाजिक प्रौढत्वाच्या चाचण्यांचं. सही करण्याची समज त्यातून कळत नाही. 50 टक्के वाला तरुण गणपती पेठेतल्या दुकानात मोजून पैसे देतो, मोड परत घेतो, कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही हेही त्याला कळतं. त्याला जमिनीच्या कागदासाठी मदत लागेल, पण दरमहा दोन हजार काढण्यासाठी पालक कशाला? एका कुलपासाठी अख्खा जुडगा दुसऱ्याच्या कमरेला बांधण्यातला हा प्रकार.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याबाबत पुढे गेला. त्याच्या कलम 14 मधलं मर्यादित पालकत्व ठरावीक मुदतीपुरतं, ठरावीक निर्णयापुरतं आणि त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या इच्छेप्रमाणे चालवायचं असतं. आधी पुरेशी मदत देऊन पाहावी आणि तरीही बंधनकारक निर्णय घेता येत नसेल तरच हे, असा क्रम आहे. या कायद्यानं जुन्या कायद्यांखाली नेमलेल्या पालकांनाही मर्यादित पालकच मानलंय. दाखल्यावर छापलेलं असो वा नसो, ‘आता सगळं माझ्या हातात’ हा समज म्हणूनच चुकीचा.

त्यावरचा सोपा तोडगा म्हणजे अर्जासोबत एका पानाची पुरवणी. त्यात लिहावं: पालकत्व अमुक बँकेतलं खातं, वारस नोंद आणि निवृत्तिवेतन एवढ्यासाठी हवं, कपडे, जेवण, मित्र, काम आणि खर्चाची ठरावीक रक्कम याबाबत निर्णय तो स्वतः घेतो, राहण्याची जागा बदलायची झाल्यास त्याला आधी दाखवून, विचारून. तो कशानं ‘हो’ म्हणतो आणि कशानं ‘नाही’, हेही लिहावं: मान हलवतो, चित्रावर बोट ठेवतो, उठून जातो. बोलता येत नाही म्हणजे मत नाही, असं कुणी धरून चालू नये.

बँकेचा अनुभव बऱ्यापैकी. समितीचा दाखला खातं उघडण्यासाठी आणि चालवण्यासाठी ग्राह्य धरावा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना कळवलेलं आहे. तरी काउंटरवर ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ हे ऐकावं लागू शकतं. तिथे वाद न घालता शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि नकार असेल तर तो लेखी मागावा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बरीचशी गाडी आपोआप पुढे सरकते.

जमिनीच्या बाबतीत हा दाखला लंगडा आहे. सातबाऱ्यावरचा हिस्सा विकायचा, गहाण टाकायचा किंवा सोडायचा झाला, तर दुय्यम निबंधक न्यायालयाची परवानगी मागण्याची शक्यता धरूनच चालावं. आणि ती मागितलेली बरीच. घरात सर्वांत जास्त घोळ हक्कसोडपत्रात होतो: ‘तुला काय कळतंय, लाव अंगठा’. ज्याला व्यवहार समजत नाही त्याचा करार कायद्यानं टिकत नाही. पण तो उलटवायला दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि तो लावणार कोण? ज्या भावाला त्या जमिनीत स्वतःचा हिस्सा वाढवून घ्यायचाय त्यानं पालक म्हणून सही करू नये. 2016 चा कायदाही हितसंबंध आडवा आला तर त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हा, असंच सांगतो.

आता ज्या घरांना ही खिडकी लागू नाही त्यांच्यासाठी. मानसिक आजारात उपचारांपुरता प्रश्न असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. साध्या कागदावर, रुग्णाच्या सहीनं किंवा अंगठ्यानं, आणि रुग्णाला तो केव्हाही बदलता येतो. मात्र पैशाअडक्यावर या प्रतिनिधीचा कसलाही अधिकार नाही. 1987 च्या जुन्या कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमण्याची सोय होती. नव्यात ती नाही. मालमत्तेसाठी 2016 च्या कायद्याचं कलम 14 धरून जिल्हा न्यायालयाकडे मर्यादित पालकत्व मागावं लागतं, आणि तिथे वकील हवाच.

वयस्कर माणसाच्या स्मृतिभ्रंशात सर्वांत फसवा कागद म्हणजे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी). देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे ते संपतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. त्यामुळे निदान लवकर झालं असेल, तर समज आहे तोवरच खाती ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीची करावीत, नामनिर्देशन तपासावं, मृत्युपत्र करावं आणि मालमत्ता मोठी असेल तर खासगी न्यासाचा (ट्रस्टचा) विचार करावा. त्या दिवशी समज होती असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र मृत्युपत्राला जोडावं. वेळ निघून गेली असेल किंवा माणूस कोमात असेल, तर रस्ता उच्च न्यायालयाचा. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला मान्यता दिली होती. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्यात येतात, त्यामुळे मुंबईच्या खेपा तरी वाचतात.

देखरेखीला दोन गुण का, तेही सांगायला हवं. नियम कडक आहेत. नेमणुकीपासून सहा महिन्यांत फॉर्म सी मध्ये मालमत्तेची यादी द्यायची: जमीन, घर, ठेवी, दागिने, येणं आणि देणं. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, फॉर्म डी मध्ये जमाखर्च. दाखला हातात पडल्यावर मात्र बहुतेक घरांत याची आठवण राहत नाही, आणि ती करून देणारी पक्की व्यवस्था नाही. तरीही पालकानं हे आपणहून करावं, ते स्वतःच्याच बचावासाठी. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम 17 खाली कोणताही नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था छळ, दुर्लक्ष किंवा अफरातफरीची तक्रार करून पालकाला काढण्याची मागणी करू शकते. तेव्हा ज्याच्याकडे दरवर्षीच्या पोचपावत्या आहेत त्याला फार बोलावं लागत नाही. दिव्यांग व्यक्तीच्या पैशांचं खातं वेगळं ठेवावं, औषधं आणि किराण्याची बिलं एका पाकिटात घालावीत, घरखर्चाचा वाटा ठरवून दरमहा तेवढाच काढावा. पालक बदलला तर जुन्यानं सगळी मालमत्ता नव्याकडे सोपवायची असते. ती सोपवताना शेवटची फॉर्म डी आणि पासबुकं यादी करून द्यावीत आणि घेणाऱ्याची सही घ्यावी.