एमएबी ४१४ अँटिबॉडी: पोअर दाखवते, त्यांचा क्रम सांगत नाही

पेशीचं विभाजन संपताना केंद्रकाभोवतीचं आवरण पुन्हा कसं उभं राहतं, हा माझा पीएचडीचा विषय. त्यामुळे ही अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनांना चिकटून ती मायक्रोस्कोपखाली दाखवणारं प्रथिन) आमच्या फ्रीजमध्ये कायम असते. लॉरा डेव्हिस आणि ग्युंटर ब्लोबेल यांच्या १९८६ च्या कामातून आलेली, पण न्यूक्लिअर पोअर, म्हणजे केंद्रकाच्या आवरणातली ये-जा करायची दारं, बघायचे म्हटलं की आजही पहिलं नाव हिचंच निघतं.

हीला (HeLa) या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींवर स्टेनिंग स्वच्छ येतं. फोकस केंद्रकाच्या मध्यावर असेल तर कडेने बारीक कडं, पृष्ठभागावर आणला की ठिपकेच ठिपके. ते मोजून पोअरची संख्या मात्र लिहू नका. एक पोअर जेमतेम १२० नॅनोमीटरचा. अगदी खेटून असलेले दोन साध्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपला एकच वाटतात. सायटोप्लाझममधले (केंद्रकाबाहेरच्या भागातले) तुरळक ठिपके बघून ब्लॉकिंग, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणूनची प्रक्रिया, वाढवत बसायचीही घाई नको. पुष्कळदा ते अ‍ॅन्युलेट लॅमेली असतात, म्हणजे ईआरच्या (पेशीतल्या एंडोप्लाझमिक रेटिक्युलमच्या) पडद्यांत बसलेले पोअर.

मला ती खरी आवडते डिजिटोनिनच्या प्रयोगात. डिजिटोनिन या रसायनाने बाहेरच्या पेशीपडद्याला भोकं पडतात, केंद्रकाचं आवरण शाबूत राहतं. अँटिबॉडी १५० किलोडाल्टनची, पोअरमधून आत शिरणं तिला जमत नाही. तरीही कडं चमकतं, कारण एनयूपी (पोअर बनवणारी प्रथिनं) ३५८ आणि २१४ पोअरच्या बाहेरच्या तोंडाशीच बसलेले. जोडीला लॅमिनची, म्हणजे आवरणाच्या आतल्या अस्तरातल्या प्रथिनाची, अँटिबॉडी लावा. आवरण शाबूत असेल तर लॅमिनचा चॅनल काळा राहतो, फाटलं असेल तर उजळतो. एका स्लाइडवर इतकं कळलं की गाइडही खूश.

आता तक्रार. ही एका प्रथिनाला चिकटत नाही, एफजी-रिपीटवाल्या (एफ आणि जी या अमिनो आम्लांची जोडी पुन्हा पुन्हा येणाऱ्या) अख्ख्या खानदानाला चिकटते: एनयूपी ६२, १५३, २१४, ३५८. टेलोफेजमध्ये, म्हणजे विभाजनाच्या शेवटच्या टप्प्यात, नेमकं तेच नडतं. पोअरच्या बांधणीची सुरुवात ईएलवायएस हे प्रथिन करतं. ते क्रोमॅटिनला (डीएनए आणि त्याच्या प्रथिनांना) धरतं आणि एनयूपी १०७-१६० संकुलाला बोलावतं. ही मंडळी हिला दिसतच नाहीत. दिसतात त्यांतला १५३ लवकर येतो, २१४ बराच उशिरा, आणि स्लाइडवर दोघेही एकाच हिरव्या रंगात. कोण आधी आलं हा तुमचा प्रश्न असेल, तर पैसे ईएलवायएसच्या अँटिबॉडीवर घाला.

पोअर आहेत की नाहीत एवढंच बघायचं असेल तर डोळे मिटून विकत घ्या. पाचपैकी चार तारे. आल्या आल्या छोटे अ‍ॅलिकॉट (थोडे थोडे वेगळे भाग) करून ठेवा; लॅबमधलं कुणी ना कुणी मागायला येतंच.