40 हजारांचं इंजिनकाम आणि 1,400 रुपयांचा एंडोस्कोप कॅमेरा

माझी गाडी 2013 ची, चार सिलिंडरची पेट्रोल. नागपुरात मानेवाड्याहून बुटीबोरी एमआयडीसी, रोजची ये-जा. दिवाळीनंतर सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर यायला लागला, दोन मिनिटांत बंद. एका गॅरेजात दाखवली. उत्तर आलं, "भाऊ, रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागते, 40 हजार धरून चाला." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, त्या झिजल्या की तेल वर येऊन जळतं. स्पार्क प्लगसुद्धा न काढता! राग आला आणि प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये पाहायला बर्डीतून हा एंडोस्कोप, म्हणजे लांब केबलच्या टोकाला बसवलेला बारीक कॅमेरा, आणला.

केबल 2 मीटर, तोंडाची जाडी 5.5 एमएम, टोकाला 6 बारीक एलईडी, फोनच्या टाइप-सीला लावायचा. 8 एमएमवाला घेऊ नका. कारला चालून जाईल, पण बऱ्याच बाइकच्या प्लगचे आटे 10 एमएमचे असतात, तिथे तो जेमतेम जातो आणि आत हलवता येत नाही.

रात्रभर गार झालेल्या इंजिनावर सकाळी 6 वाजता बसलो. गरम इंजिनात घालूच नका, कॅमेरा खराब होतो. आधी प्लगभोवतीची धूळ हवेनं उडवली, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. चारही प्लग काढले, गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली आणि लहान भावाला हळूहळू ढकलायला लावली, म्हणजे पिस्टन खाली जाऊन भिंत दिसते. ढकलताना कॅमेरा दर वेळी बाहेर.

पहिल्या दोन्ही सिलिंडरांत भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे इंजिन बनवताना मुद्दाम पाडलेल्या, तिरप्या, जाळीदार रेषा स्वच्छ दिसल्या, म्हणजे भिंत फारशी झिजलेली नाही. 1 लाख 10 हजार किलोमीटरनंतरही! तिसऱ्यात मात्र एक उभी काळी रेघ. पोटात गोळाच आला. स्क्रीनवर ती नालीएवढी दिसत होती. एलईडी मंद केले, केबल थोडी फिरवली, तेव्हा कळलं की रेघ वरवरची आहे, कार्बनचा ओघळ. तिच्याखालून जाळी सलग गेलेली. पण त्याच पिस्टनच्या डोक्यावर तेलाचा ओला डाग चमकत होता. चौथा कोरडा.

हे तेल रिंगांतून वर आलं की व्हॉल्व्हकडून खाली पाझरलं, ते कॅमेरा सांगत नाही. म्हणून व्हिडिओ घेऊन इतवारीतल्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी दोनदा पाहिला, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासलं. चारही जवळपास सारखे. म्हणाले, "रिंगा ठीक आहेत ना भाऊ. व्हॉल्व्हचे सील कडक झाले, रात्रभर तेल झिरपून राहिलं." 7 हजारांत ते सील, म्हणजे व्हॉल्व्हवरून तेल खाली जाऊ न देणारे रबरी टोप, बदलून झाले. दोन महिने झाले, धूर नाही.

आता तक्रारी. डब्यावर 1080 पी छापलंय, फोटो मात्र 640 बाय 480 चाच निघतो. अगदी जवळ नेलं की चित्र फुटतं, 4-5 सेंटिमीटरवर बरं दिसतं. सोबत आरसा, हूक आणि चुंबक येतं. आरसा मी आधी बेसिनच्या पाइपात घालून पाहिला, तर दुसऱ्याच झटक्याला क्लिपसकट निसटला. सिलिंडरमध्ये निसटला असता तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भागच, उतरवावं लागलं असतं. इंजिनात तो लावूच नका. त्यापेक्षा बाजूनं दुसरी लेन्स असलेला 5.5 चा मिळाला तर थोडे जास्त पैसे मोजा. माझ्यात भिंत तिरकीच दिसते, त्यात ती समोरून दिसते.