मॉरिशसच्या सुट्टीचं शेपूट आणि जिओकॅशिंगची महिन्याची वर्गणी

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. जिओकॅशिंगच्या अधिकृत ॲपचं प्रीमियम सभासदत्व मॉरिशससाठी घ्यावं, पण महिन्याचं. वर्षाचं घेऊ नये. आणि घ्यायचं ते डब्यांसाठी नाही, दगडांसाठी. पाचपैकी चार तारे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो, आपण फोनच्या जीपीएसवर ती शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तिथे, होती तशी ठेवायची. मे 2000 च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये एक बादली लपवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. तिथून सुरू झालेल्या या उद्योगात आज जगभरात तीस लाखांहून जास्त कॅश (लपवलेल्या डबीला या खेळात हेच म्हणतात) आहेत. स्टेशनवर जन्मभर 'बेवारस वस्तूंना हात लावू नका' ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हा खेळ सुरुवातीला जरा अंगावर येतो. मीही पहिल्या डबीला रुमालाने उचललं होतं.

आमच्या सहलीचा पहिला भाग उत्तरेला ग्राँ बेच्या बाजूला गेला. बोट, ईल ओ सेर्फ बेट, काचेच्या तळाची होडी, सगळं यथासांग. शेवटचे दिवस मात्र आम्ही दक्षिणेला माहेबुर्गला काढायचे ठरवले, कारण विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि घरगुती खोल्या स्वस्त मिळतात. सुट्टीच्या या शेपटाची गंमत अशी की पैसे, उत्साह आणि सनस्क्रीन तिन्ही एकदमच तळाला गेलेले असतात. नवरा म्हणाला, "आता फक्त लोळायचं." आठवीतल्या लेकीला लोळायचं नव्हतं. तिच्या मावसभावाने तिला पुण्यात या खेळाची चटक लावली आहे. म्हणून मी महिन्याची वर्गणी भरली. एका माणसाच्या बोटसफरीपेक्षा ती स्वस्त पडली आणि पुढचे दिवस तिच्यावरच निघाले.

फुकट ॲपमध्ये काय मिळतं? नेहमीच्या साध्या डब्या, त्यातल्याही सोप्या. अवघड डब्या, कोड्याच्या कॅश, टप्प्याटप्प्याच्या कॅश आणि अर्थकॅश (डबीऐवजी दगडमातीची जागा, पुढे सांगते) नकाशावर दिसतात पण करड्या रंगाच्या, कुलपाआड. पैसे भरले की कुलूप निघतं, शिवाय याद्या फोनवर उतरवून घेता येतात आणि आकार, अवघडपणा वगैरेप्रमाणे चाळणी लावता येते. ही चाळणी आमच्या फार उपयोगी पडली. यादी उतरवणंही. मे महिन्यात तिथला ऊस पुरुषभर उंच असतो, आत शिरलेल्या रस्त्यावर फोनला रेंज असेलच असं नाही.

चिकट माणसांसाठी दोन पळवाटा आहेत. एक म्हणजे वेबसाइट. खास प्रीमियमसाठी राखलेल्या सोडल्या तर बाकीच्या कॅशची माहिती तिथे फुकट खात्यावरही वाचता येते. दुसरी सी:जिओ. स्वयंसेवकांनी बनवलेलं हे ॲप फुकट आहे, पण फक्त अँड्रॉइडवर. माझ्या फोनवर ते आहे, चांगलं चालतं, पण त्याचा चेहरा म्हणजे सरकारी फॉर्म. लेकीने दोन मिनिटांत माझ्या हातात परत दिलं. एक तारा मी कापला तो याचसाठी: ज्या गोष्टीसाठी नवख्या माणसाने या खेळात यावं, ती अर्थकॅशच अधिकृत ॲपने फुकटवाल्यांपासून लपवून ठेवली आहे.

अर्थकॅशमध्ये डबी नसते. एखादी भूवैज्ञानिक जागा असते, तिथे जाऊन बघायचं, मोजायचं, हात लावून पाहायचं आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं कॅश टाकणाऱ्याला पाठवायची. उत्तर पाठवलं की नोंद करायला मोकळे, त्याच्या होकाराची वाट बघत बसावं लागत नाही. हे मला फार आवडलं. कागद भिजत नाही, डबी हरवत नाही, माकडं पळवत नाहीत.

आम्ही सातारचे. काळा दगड आणि तांबडी माती यांत आमचं काही अप्रूप नसतं. शामारेलची सात रंगांची माती बघायला तिकीट काढताना नवऱ्याने मला ऐकवलंच, "कासला पार्किंगचे पैसे देतो तेवढे बास होते की." माती आहेच देखणी, तांबूस, जांभळट, पिवळसर लाटा, त्यावर एक गवताचं पातं नाही. कुंपणाबाहेरून बघायची. नुसतं बघितलं असतं तर फोटो काढून दहा मिनिटांत बाहेर पडलो असतो. पण प्रश्न समोर असले की माणूस थांबतो. हे रंग कुठून आले? बेसॉल्ट खडक उष्ण-दमट हवेत झिजतो, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, लोखंड आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहतात. लेक म्हणाली, "आई, हे तर जांभ्याचं झालं." बरोबर. पाचगणीचं टेबललँड, कासचा सडा, कोकणातल्या घरांच्या भिंती, सगळीकडे हीच गोष्ट. मग आम्ही कुंपणाला टेकून बराच वेळ वाद घातला की जांभळा रंग नेमका कुठे संपतो.

दुसरी जागा रोचेस्टरचा धबधबा, सुयाकजवळ. उसातून जाणारा रस्ता खडबडीत आहे. छोटी भाड्याची गाडी असेल तर आधी उभी करून चालत जा. उसाच्या फडांत मध्येच काळ्या दगडांचे रचलेले ढीग दिसतात. जमीन साफ करताना निघालेले दगड मजुरांनी हातांनी गोळा करून रचले, त्यात आपल्याकडून करारावर नेलेले मजूर, म्हणजे गिरमिटिये होते. धबधबा उंचीला फार नाही, दहा मीटरच्या आसपास, पण त्याच्या मागची भिंत बघायची. दगडाचे उभे खांब एकाला एक चिकटून उभे. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगा बहुतेक करून षटकोन धरतात. तिथे पोरं वरून उड्या मारतात आणि पैसे मागतात. आमची लेक खाली उभी राहून खांबांच्या बाजू मोजत होती. एक पोरगा उडी मारायचा थांबून तिच्याकडे बघायला लागला.

हेच खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत. आणि इथे मला या वर्गणीचे पैसे वसूल झाले. परतीच्या वाटेवर अर्थकॅशचं पान निवांत वाचलं. मॉरिशस ज्या 'हॉटस्पॉट'वरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या लाव्हाच्या चुलीवरून, वर आलं, तो आज शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजून जागा आहे. त्याच हॉटस्पॉटवर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपला दख्खन होता. जमिनीचा तुकडा उत्तरेला सरकत गेला, खालची चूल तिथेच राहिली. वाटेत मालदीव, चागोस अशी माळ सुटत गेली. मॉरिशसचे सर्वांत जुने वर दिसणारे लाव्हा 80-90 लाख वर्षांचे, म्हणजे सह्याद्रीपुढे अगदीच कुक्कुलं बाळ. (त्याहून गमतीची गोष्ट अशी की या तरुण बेटाच्या खडकांत अब्जावधी वर्षं जुने झिरकॉन या खनिजाचे कण सापडले आहेत, बेटाखाली एखाद्या प्राचीन खंडाचा तुकडा दडला असावा, असं संशोधक म्हणतात.) नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, "म्हणजे एवढे पैसे खर्चून आपण आपलाच दगड बघायला आलो?" हो.

ग्री-ग्रीच्या किनाऱ्यावर मात्र दगडापेक्षा पाणी बघत बसलो. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे म्हणून बाकीच्या किनाऱ्यांवर समुद्र शांत असतो. इथे ती तुटलेली आहे आणि लाटा थेट कड्यावर आपटतात. पोहायचं नाव काढू नका. कड्याच्या कडेने थोडं चाललं की 'रडणारा खडक' येतो. लाट आपटून परतली की त्याच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत राहतं. मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो, त्यामुळे इथे चारपर्यंत पोचलेलं बरं.

आता डब्यांबद्दल. थोडक्यात आटोपते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. मॉरिशसमध्ये युरोपातल्यासारखी पावलापावलावर डबी नाही. ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच समुद्रकाठच्या. खारा वारा आणि पाऊस मिळून आतल्या कागदाचा लगदा करतात. सोबत कोरडा कागद, पेन आणि पेनाशिवाय दुसरं पेन ठेवा. नोंदी वाचल्या तर निम्मी नावं जर्मन. सुट्टीवर येऊन डबी लपवून निघून जायला नियमाने मनाई आहे, देखभाल करणारं कुणी जवळ हवं, पण बेटावरची माणसंही आपल्यासारखीच कामात असतात.

एक डबी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाशी होती, म्हणजे असायला हवी होती. जागा सांगत नाही, तेवढा शिरस्ता पाळते. ॲपवरचा सुगावा वाचून झाला, मागच्या लोकांचे फोटो झाले, मुळं खरवडून झाली. बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ आमचा तमाशा बघत होते. उठून आले आणि म्हणाले, "की झोत पे रोदे?" काय शोधताय, एवढं तर हावभावावरूनही कळलं. आमचं आपसातलं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा बदलला. "मराठी? आम्ही पण मराठी." त्यांचे पणजे रत्नागिरीकडून आले होते. बोली अडखळत, मध्येच क्रिओल (तिथली बोलीभाषा), मध्येच हिंदी, पण 'बसा, बसा' अगदी घरच्यासारखं. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग डबीचं विचारलं. "ती छोटी काळी डबी? झाडलोटवाल्याने टाकली कचऱ्यात. त्याला काय ठाऊक." लेकीचा चेहरा पडला. ॲपवर डबी गायब असल्याचं कळवायची सोय आहे, तिने ते तिथेच बसून कळवलं आणि आजोबांचे आभारही त्या नोंदीत घातले.

तिच्याकडे एक ट्रॅव्हल बगही होता. नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला, त्याला आम्ही कोल्हापुरी चपलेचं कीचेन अडकवलेलं. ही वस्तू एका डब्यातून दुसऱ्यात प्रवास करते आणि प्रत्येक मुक्काम ॲपवर दिसतो. अडचण एकच, नखाएवढ्या डबीत चप्पल मावत नाही. आकाराची चाळणी लावल्यावर बेटावर मोजकेच मोठे डबे उरले, त्यातला एक माहेबुर्गहून गाडीने सहज जाण्यासारखा. चाळणी फुकटात नसती मिळाली. चप्पल तिथे सोडली. आम्ही घरी पोचेपर्यंत ती कुणीतरी उचलल्याची नोंद आली होती.

जेवणाचं सांगते, कारण नाहीतर मैत्रिणी विचारतील. माहेबुर्गचा बाजार सोमवारी जोरात असतो. तिथे गाडीवरची ढोल पुरी खा. पुरणपोळीसारखीच, पण आत पिवळ्या डाळीचं गोड न केलेलं सारण, पातळ, कागदात दोनची जोडी गुंडाळून देतात, आत पावट्यासारख्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांचा रस्सा, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीची चटणी. मिरची जपून. हातात धरून धक्क्यावर गेलात तर तिथे 1810 च्या ग्राँ पोरच्या आरमारी लढाईचं स्मारक आहे. इंग्रजांना फ्रेंचांनी हरवलं ती लढाई. पॅरिसच्या विजयकमानीवर तिचं नाव कोरलेलं आहे.

हे प्रीमियम कुणी घेऊ नये? ज्यांना उत्तरेच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात पडून राहायचं आहे त्यांनी. ज्यांची गाडी नाही त्यांनीही विचार करावा. बस स्वस्त आहे आणि सगळीकडे जाते, पण संध्याकाळी लवकर आटपते, आणि अर्थकॅशच्या जागा थांब्यापासून लांब असतात. फक्त डब्यांची संख्या वाढवायची असेल तर तुमचे पैसे सिंगापूर किंवा युरोपच्या सहलीसाठी ठेवा.

घेतलंत तर दोन गोष्टी करा. खोलीच्या वायफायवर दक्षिणेची सगळी यादी नकाशासकट उतरवून घ्या. आणि वर्गणी आपोआप पुढच्या महिन्यात ओढली जाते, तेव्हा घरी पोचल्यावर फोनच्या स्टोअरमध्ये जाऊन ती बंद करा. भरलेला महिना संपेपर्यंत सगळं चालू राहतं, आणि तुमच्या जुन्या नोंदी फुकट खात्यावरही तशाच राहतात.