लॅपटॉपला हार्ड डिस्क दिसेना : घरी पाहावे, तालुक्याला द्यावे की नागपूरला न्यावे?

लॅपटॉप सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ येऊन थांबली, तर घाटंजी, आर्वी किंवा मूल परिसरातील माणसापुढे तीन मार्ग असतात : स्वतः तपासणे, तालुक्याच्या दुकानात देणे किंवा नागपूर-अमरावतीचे सर्व्हिस सेंटर गाठणे. निवड खर्चावरून करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रणालीला) डिस्क दिसते का, आणि डिस्कमधील माहितीची प्रत दुसरीकडे आहे का?

पहिली गोष्ट घरीच कळते. लॅपटॉप सुरू होताना डेल, एसर व असुसमध्ये बहुधा एफ२ आणि एचपीमध्ये एफ१० दाबत राहिल्यास बायोस उघडते. तेथे डिस्कचे नाव आणि क्षमता दिसत असेल, तर बिघाड बहुतेकदा विंडोजचा किंवा बूट क्रमाचा (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे या क्रमाचा) असतो. अशा वेळी नवी डिस्क घ्यायला सांगणाऱ्याला आधी कारण विचारावे. इंटेलच्या अकराव्या आणि त्यापुढच्या पिढीच्या अनेक लॅपटॉपमध्ये तर डिस्क ठणठणीत असूनही विंडोज इन्स्टॉल करताना यादी रिकामी दिसते, कारण व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी इंटेलची सोय सुरू असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर (ती ओळखणारा छोटा प्रोग्राम) नसतो. येथे इंटेलचा हा ड्रायव्हर (नाव आरएसटी) पेन ड्राइव्हवरून देणे किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे, असे दोन उपाय आहेत. डिस्क कोरी असेल तर दुसरा सोपा. पण जुने विंडोज ठेवायचे असेल तर पहिलाच बरा, कारण व्हीएमडी बंद करताच जुने विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते. बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्कमधील माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्यावी. ही की नसेल, तर डिस्क चांगली असूनही आतली माहिती कुलूपबंद राहते.

बायोसलाही डिस्क दिसत नसेल, तर चार्जर काढून, लॅपटॉप बंद असताना पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून ठेवावे आणि पुन्हा पाहावे. हा उपाय फुकटचा आहे व कधी कधी लागूही पडतो. त्यापुढे मागचे झाकण उघडावे लागते. वॉरंटी संपलेली असेल आणि स्क्रू काढण्याची सवय असेल, तरच हे घरी करावे. दुचाकीवरून खडबडीत रस्त्यांनी फिरणाऱ्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्कची पट्टीसारखी केबल सैल होऊ शकते, तर एम.२ डिस्क (बोर्डावरच्या स्लॉटमध्ये खोचलेली छोटी पट्टी) स्लॉटमधून किंचित उचलली जाऊ शकते. ईएमएमसी साठवण मात्र बोर्डावरच जोडलेली असल्यामुळे तेथे घरी करण्यासारखे काही नसते.

तालुक्याच्या दुकानाचा खरा उपयोग अदलाबदल करून पाहण्यात आहे. आपली डिस्क यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावली आणि ती दिसली, तर दोष केबल, स्लॉट किंवा बोर्डाचा. नाही दिसली, तर डिस्कचाच संशय बळावतो. ही चाचणी समोर करून मागावी, आणि ‘फॉरमॅट मारून देतो’ या तयार उत्तराला माहितीची प्रत असल्याशिवाय होकार देऊ नये. सर्व्हिस सेंटर वॉरंटीत डिस्क बदलून देते, पण आतल्या माहितीची हमी सहसा घेत नाही आणि खराब डिस्क बहुधा परतही देत नाही. म्हणून वॉरंटी असली तरी माहिती अमूल्य असेल, तर आधी तिच्या सुटकेचा विचार करावा. फिरणारी हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर ती पुन्हा पुन्हा सुरू करू नये, चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवू नये. तिच्यातील माहिती सोडवण्याचे काम डेटा रिकव्हरीवाल्याचे आहे आणि त्यासाठी मोठ्या शहरात जावेच लागते. एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क) मात्र आवाज न करताच बंद पडते.

नवी डिस्क घ्यायची झाल्यास आधी स्लॉट पाहावा. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत वाचते, तर एनव्हीएमई या नव्या, वेगवान प्रकारची पीसीआयई ३.० वर चालणारी चांगली एसएसडी ३,५०० एमबीच्या आसपास जाते. परंतु फॉर्म भरणे आणि सातबारा काढणे एवढ्याच कामाला हा फरक फारसा जाणवत नाही. शिवाय वेगवान एनव्हीएमई अधिक तापते, आणि पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या उन्हाळ्यात पंख्याखाली चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये ती तापून मंदावू शकते. केवळ साटा चालणाऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एनव्हीएमई बसवली, तर नवी कोरी डिस्कही दिसणार नाही.

खरिपात पीक विम्याच्या अर्जांची गर्दी असलेल्या सेवा केंद्रचालकाने, वॉरंटी संपली असल्यास, स्लॉटला चालत असेल तर तालुक्यातूनच साटा एसएसडी बसवून काम सुरू करावे आणि जुनी डिस्क फॉरमॅट न करता बाजूला ठेवून गर्दी ओसरल्यावर नागपूरला न्यावी.